भाऊबीजेचं तिकीट

माझ्या भावाने मला फसवलं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण आमच्या घरात अजून कुणी ही गोष्ट या शब्दांत बोललेलं नाही. नवरा म्हणतो, "जाऊ दे गं आता." शेजारीण म्हणते, "अगं, भाऊच ना तुझा?" हो, भाऊच. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मी कधीच मोकळी झाले असते.

गोष्ट मोटारींच्या शर्यतीची आहे. हसायचं तर हसून घ्या. दिवेआगरला नारळी-पोफळीची वाडी सांभाळणारी, चार खोल्या पाहुण्यांना देणारी, पन्नाशी उलटलेली बाई मोटारींच्या शर्यती बघते म्हटल्यावर माणसं हसतातच. मी ते मनावर घेत नाही. बाकीच्या बायका मालिका बघतात, त्यात एक सासू वर्षानुवर्षं त्याच जिन्यावरून खाली उतरत असते. माझ्या शर्यतीत निदान कुणीतरी कुणाच्या तरी पुढे जातं.

माझं माहेर रेवदंड्याचं. माझ्या लहानपणी तिथे ओहोटीच्या वेळी वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या. आधीचे चार दिवस गावात दुसरा विषय नसायचा. कुणाची जोडी कुठून आणली, कुणाच्या बैलाला काय खाऊ घातलं, कोण गाडी हाकणार, हे सगळं आम्हा पोरींनाही तोंडपाठ. पण शर्यतीच्या दिवशी आमचे वडील, काका, आळीतले सगळे पुरुष किनाऱ्यावर, आणि आम्ही मागे सुरूच्या बनात. तिथून काय दिसणार, कप्पाळ! पुरुषांच्या पाठी दिसायच्या आणि आरडाओरडा ऐकू यायचा. एकदा मी हळूच पुढे सरकत पार पाण्याजवळ गेले होते. काकांनी दंडाला धरून मागे आणलं आणि म्हणाले, "शर्यत ही काय बायकांनी बघायची गोष्ट आहे?" मी तोंडाळच होते, म्हटलं, "मग काय फक्त ऐकायची?" त्यावर एक चापट मिळाली. बैल मात्र त्याही वर्षी मला दिसले नाहीत.

भाऊ माझ्यापेक्षा खूप लहान. आईला उशिरा झालेला, त्यामुळे त्याला अंगाखांद्यावर मीच वाढवला. लग्न होऊन मी दिवेआगरला आले आणि तो अकरावीला श्रीवर्धनच्या कॉलेजात गेला, तेव्हा राहायला माझ्याकडेच होता. रविवारी दुपारी तो टीव्हीवर मोटारींच्या शर्यती लावायचा. मी शेजारी पाटावर सुपारी सोलत बसलेली. सुरुवातीला मी जाम वैतागायचे. "काय रे ते डासांसारखं गुणगुणणं? बंद कर ते." मग तो समजावून सांगायला लागला. ही चाकं लवकर झिजतात पण पळतात जोरात, ती टिकतात पण धीमी. याने आत्ता चाकं बदलली तर मागे पडेल, पण शेवटी पुढे येईल. एक दिवस सुपारी सोलता सोलता मीच ओरडले, "अरे मूर्खा, आत्ता कशाला थांबलास?" भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून आमचं दोघांचं ते होऊन गेलं. रविवारी नवरा वाडीत, सासूबाई झोपलेल्या, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ टीव्हीपुढे बसून त्या परदेशातल्या पोरांना शिव्या घालतोय.

पुढे तो इंजिनियर झाला, नोकरीला आखातात गेला, तिथेच स्थिरावला. लग्न झालं. मुरुडकडची मुलगी, गुणी, कमी बोलणारी. मी इकडे एकटी शर्यत बघायला लागले. पण रविवारी त्याचा फोन असायचाच. वादळाने आमची वाडी आडवी झाली, गावात कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा मी रस्त्याच्या वळणावर, जिथे मोबाइलला जरा रेंज मिळायची तिथे जाऊन उभी राहायचे आणि तो तिकडून सांगायचा, कोण पुढे, कोण मागे, कोण आपटला. मागे मोडलेल्या पोफळी पडलेल्या, आणि मी रस्त्यात उभी राहून विचारतेय, "अरे, पण पाऊस पडला का तिथे?" येणारेजाणारे माझ्याकडे दयेने बघत होते. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच वाटलं असणार त्यांना. खरं सांगायचं तर त्या फोनांनीच मला त्या दिवसांत सावरलं. भाऊ असावा तर असा, असं मी चारचौघींत सांगायचे.

एकदा तो ऑफिसच्या लोकांबरोबर खरीखुरी शर्यत बघून आला. आल्याआल्या मला फोन. "ताई, आपण टीव्हीवर बघतो ना, ते काहीच नाही गं. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच. इथे छातीत वाजतो." मी त्याला तीनतीनदा विचारलं, म्हणजे कसा? ढोलासारखा? लाटेसारखा? तो म्हणाला, "नाही सांगता येत. तू इथे बसायला हवंस." बस्स, तेव्हापासून तेच माझ्या डोक्यात बसलं. मला परदेश बघायचा नव्हता. मॉल, उंच इमारती, वाळवंट, काही नको. एकदा शर्यतीत माझी अशी एक खुर्ची हवी होती, जिथून मला कुणी उठवणार नाही, आणि तो आवाज हवा होता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "समुद्राचा आवाज फुकट मिळतोय तो ऐक की." त्याचं सगळं असंच असतं.

गेल्या भाऊबीजेला सकाळीच भावाचा व्हिडिओ फोन आला. मी ताट घेऊन फोनलाच ओवाळलं, दरवर्षी ओवाळते तसं. तो म्हणाला, "ताई, ओवाळणी घाल म्हण." मी म्हटलं, "घाल की मग." तर म्हणतो, "डिसेंबरात इथे अबुधाबीला शर्यत आहे. दोन तिकिटं काढतोय. एक तुझं, एक माझं. आत्ता, तुझ्यासमोर."

मी त्या ताटासकट खालीच बसले.

त्याने मला त्या शर्यतीच्या रस्त्याचा नकाशा पाठवला. वळणं काढलेली, आणि बसायच्या जागा वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेल्या. म्हणाला, "कुठे बसायचं ते तू सांग." बाकीच्या बायका सोन्याच्या दुकानात जेवढा वेळ लावतात तेवढा मी त्या नकाशावर लावला. तो म्हणत होता, सुरुवातीच्या रेघेसमोर बसू, तिथे सगळे बसतात. मी म्हटलं, "छे, तिथे काय बघणार? डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडी गेली. लांब सरळ रस्ता जिथे संपतो आणि जोरात ब्रेक मारून वळायला लागतं, तिथे बसायचं. पुढे काढायचं तर ते तिथेच काढतात." मग उन्हाचा विचार. शर्यत संध्याकाळची, सूर्य डोळ्यांवर येता कामा नये. मी पश्चिम कुठे, पूर्व कुठे, त्याला विचारत होते आणि स्वयंपाकघरात माझी डाळ करपत होती. वरची रांग की खालची, त्यावरून आम्ही भांडलोसुद्धा. शेवटी वरची ठरली. त्याने विचारलं, "नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकू ना?" मी माझं पूर्ण नाव सांगितलं, सासरचं आडनाव लावून, आणि त्याने ते एकेक अक्षर म्हणत टाइप केलं. मग म्हणाला, "झालं, ताई. घेतलं."

तिकीट मोबाइलवर आलं. त्यावर माझं नाव. नवऱ्याला दाखवलं, तो चष्मा लावून म्हणाला, "छान आहे. आता डाळ दुसरी टाक."

त्यानंतर व्हिसा आला. दोन महिन्यांचा. मी भावाला विचारलं, "अरे, आठवड्याचं काम, दोन महिने कशाला?" तो म्हणाला, "तेवढाच सोपा पडतो गं." मला काय कळतंय त्यातलं? विमानाचं परतीचं तिकीट अजून काढलेलं नव्हतं. म्हणाला, "इथे आल्यावर बघू, स्वस्त मिळतं." तेही मी मानलं. भाऊ सांगतोय म्हटल्यावर प्रश्न कोण विचारणार?

मी गावभर सांगत सुटले. डिसेंबर म्हणजे आमचा धंद्याचा महिना, नाताळापर्यंत खोल्या भरलेल्या असतात, पण आठवड्यापुरतं नवरा आणि कामाची बाई बघून घेतील असं ठरवलं. लोकांनी थट्टेला कमी केलं नाही. वाण्याच्या दुकानात एकजण म्हणाला, "वहिनी, तिकडे जाऊन गाडी चालवणार की काय?" मी म्हटलं, "हो, आणि तुमच्यासारखा कुणी मध्ये आला तर उडवणार." त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या किनाऱ्यावरची रीत अशी, की कुणी आखातात निघालं म्हटलं की गावातल्या घराघरांतून पुडकी येतात. याचा मुलगा, तिची सून, कुणाचा जावई. आंबोशी, कोकम, पोह्याचे पापड, घरचा मसाला. नाही म्हणायची सोय नाही, कारण उद्या आपलंही पुडकं कुणीतरी नेणार असतं. आणि दुसरी रीत अशी, की आलेलं प्रत्येक पुडकं उघडून बघायचं. संशय म्हणून नव्हे. तिकडे खसखस चालत नाही. आपल्याकडे वाटणात, लाडवात, कशातही टाकतो ती साधी खसखस, पण तिकडच्या विमानतळावर तिचे चार दाणे सापडले तरी माणूस अडकतो. इथल्या बायकांना हे पाठ असतं, आणि तरी कुणीतरी विसरतंच. म्हणून निघणाऱ्याने बॅग भरण्याआधी सगळं सोडून, चाळून बघायचं. त्यात कुणाला राग येत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी माझ्या भावजयीची आई आली. मुरुडकडून येणार म्हणजे आगरदांड्याला फेरीबोटीत बसून दिघीला उतरायचं, तिथून रिक्षा. घरी अर्धांगाने पडलेला नवरा, त्याला शेजाऱ्यांवर टाकून आलेली. परतीची बोट गाठायची होती, म्हणून चहासुद्धा उभ्याउभ्याच घेतला. हातात एक मोठी पिशवी. ती माझ्याकडे दिली, माझे दोन्ही हात धरले आणि घळाघळा रडायलाच लागली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही जाताय म्हणून माझा जीव भांड्यात पडला."

मला काही कळेना. पिशवीभर लाडू नेण्यात कसले आलेत उपकार? मी म्हटलं, "अहो मावशी, त्यात काय एवढं? मी जातेच आहे." तर ती आणखीनच रडली. म्हणाली, "असं म्हणायला मन लागतं." रिक्षात बसतानाही पदराने डोळे पुसत होती. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, म्हातारी किती हळवी झालीय."

दुपारी मी ओटीवर चादर पसरून पुडकी तपासायला बसले. नवरा वजनाचा काटा घेऊन बाजूला. आधी शेजाऱ्यांची झाली. मग भावजयीच्या आईची पिशवी घेतली. वर स्टीलचा डबा, डबाभर डिंकाचे लाडू. एक फोडला, तर आत पांढरे दाणे. "झालं! घातलीच म्हातारीने खसखस," मी म्हटलं. "लेकीला लाडू पाठवतेय की मला तुरुंगात?" डिंकाच्या लाडवात आहे म्हणजे बाकीच्यातही असणार, म्हणून मी खालचं सगळं चादरीवर काढलं. एका पुडीत अळीव. एका पुडीत बाळंतशेपा. मग वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, आणि उगाळायची छोटी सहाण. त्याखाली जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, घड्या घातलेली. आणि सगळ्यात खाली एक टोपडं. हातात मावेल एवढंसं, कडेला लाल गोंडा.

नवऱ्याने काटा खाली ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगायला कशाला हवं? चार बाळंतपणं डोळ्यांसमोर झालेली बाई मी.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हेही सांगायला हवं. भावजयीला दोनदा दिवस राहून पोट पडलेलं होतं, त्यानंतर वर्षानुवर्षं काही नव्हतं. एक क्षणभर मी ते टोपडं गालाला लावलं. आणि मग ते खाली ठेवलं. दोन महिन्यांचा व्हिसा. परतीचं तिकीट नाही. म्हातारीचे उपकार. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भावाला फोन लावला. तो ऑफिसात होता. म्हणाला, "ताई, बोल." मी म्हटलं, "टोपडं फार गोड आहे रे."

तो म्हणाला, "ताई, मी सांगणारच होतो."

"कधी? तिथे उतरल्यावर? की कळा सुरू झाल्यावर?"

"दृष्ट लागेल म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं गं. दोनदा असं झालं, तुला माहितीय. आणि तिच्या आईला येता येत नाही. मी एकटा काय करणार इथे? तू सीझन सोडून दोन महिने आली असतीस का?"

"आले असते!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या वाडीतला गडी बघायला लागला. "आले असते रे गाढवा! एका शब्दावर आले असते. तू विचारलंस का? बाळंतपणाला ये म्हणाला असतास तर खोल्यांना कुलूप लावून आले असते. मला शर्यतीचं गाजर दाखवायची काय गरज होती?"

"गाजर नाही, ताई. तिकिटं खरीच घेतली होती. तुझ्यासमोर घेतली. डॉक्टरांनी तारीख पुढची दिली होती, वाटलं आधी शर्यत बघू, मग बाकीचं सांगू. आता ते म्हणतात लवकर होईल. अशात आपण कसे जाणार? परवाच परत केली दोन्ही. माझीही गेलीच ना शर्यत?"

ते शेवटचं वाक्य त्याने असं काही केविलवाणं म्हटलं, की मला त्याही स्थितीत त्याची थोडी दया आली. त्याचीही गेली, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात नवऱ्याच्या फोनवर भावजयीचा फोन. आईने तिला सांगितलं असणार, पिशवी पोचली म्हणून. मी तो उचलला. ती हसत होती, रडत होती, दोन्ही. "वन्सं, यांनी सांगितलं मला, तुम्ही स्वतःहून म्हणालात, बाळंतपण मीच करणार म्हणून. मला विचारायचीसुद्धा लाज वाटत होती. माझ्या सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं."

आता या पोरीला काय सांगणार? तुझ्या नवऱ्याने तुलाही थाप मारली? मी म्हटलं, "बाई, आता जड काही उचलू नकोस. मी येतेच."

नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. त्याने तुला शेंडी लावली, तुला काही वाटतं की नाही?" मला सगळं वाटत होतं. पण पोट भावाचं नव्हतं, तिचं होतं. मी रात्रीच्या आत खसखशीचे सगळे लाडू बाजूला काढले आणि नवीन डिंक तळून नवीन लाडू वळले. वळताना प्रत्येक लाडू मी गरजेपेक्षा जास्तच दाबत होते. नाताळापर्यंतच्या पाहुण्यांना फोन करून नाही म्हणून कळवलं. आणि वाण्याच्या दुकानात तोच माणूस भेटला, "वहिनी, झाली का गाडीची तयारी?" म्हणाला, तर मी काहीही न बोलता साबण घेऊन बाहेर आले. गावात मी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, की मी शर्यतीला जात नाहीये.

तिकडे पोचले आणि त्याच आठवड्यात मुलगी झाली. सुखरूप. लांबसडक बोटांची, आमच्या आईच्या चेहऱ्याची. मी तिला न्हाऊमाखू घालायला लागले. पहिल्याच दिवशी ओवा-वेखंडाची धुरी केली तर छताला लावलेली कसलीशी शिट्टी ठणाणा वाजायला लागली आणि खालून वॉचमन धावत आला. भावजय हसून हसून पोट धरून बसली, टाके दुखतायत म्हणाली तरी हसतच होती. ते दिवस वाईट नव्हते. भाऊ ऑफिसातून आला की लेकीला घेऊन बसायचा. शर्यतीचा विषय तो काढत नव्हता, मीही काढत नव्हते. राग होताच, पण बाळाच्या घरात राग किती वेळ धरून ठेवणार? मी हळूहळू मनाला समजावत आणलं होतं. घाबरला असेल. एकटा पडला असेल. त्याचीही शर्यत गेलीच की.

शर्यतीचा रविवार उजाडला. दुपारी जेवून भाऊ निघाला. "साहेबांबरोबर साइटवर जावं लागतंय, रविवार असून." भावजय म्हणाली, "लवकर या." मी डबा देऊ का विचारलं, तर नको म्हणाला.

संध्याकाळी भावजय झोपली होती. बाळ माझ्या मांडीवर. समोर भिंतीएवढा टीव्ही. शर्यत सुरू झाली असणार, हे मला घड्याळ न बघता कळत होतं. लावावा का, आवाज बंद करून? मग वाटलं, नको. आपण इतक्या लांब येऊन, त्याच गावात बसून, पुन्हा टीव्हीवरच बघायची? मी बाळाला थोपटत राहिले.

जेवायच्या वेळेला तो आला. चेहरा उन्हाने लाल झालेला, खुशीत. आल्याआल्या माझ्याकडून बाळ घ्यायला त्याने हात पुढे केले, तर शर्टाची बाही वर सरकली. मनगटावर रंगीत पट्टा, आत जाणाऱ्यांना बांधतात तो. मी इतकी वर्षं टीव्हीवर प्रेक्षकांच्या हातांना तो बघत आलेय.

"हे काय?" मी विचारलं.

त्याने मनगटाकडे पाहिलं. काढायचं विसरला होता. बेडरूमच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ओरडू नकोस हं. साहेबांना न्यावं लागलं."

"तू परत केली होतीस ना?"

"करणारच होतो. पण साहेब सहज म्हणाले, त्यांना कुठेच मिळालं नाही. माझ्या बढतीचं चाललंय सध्या. आणि तुला तसंही येता आलं नसतं, बाळाला टाकून."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. तो मात्र बोलतच होता. सांगायला त्याला दुसरं होतंच कोण? शर्यतीचं बोलायचं माणूस म्हणजे मीच.

"पण ताई, काय जागा निघाली गं! सगळे तिथेच पुढे काढत होते, अगदी आमच्या नाकासमोर. ऊनही मागून. साहेब तर खूश! म्हणाले, तुला यातलं बरंच कळतं दिसतंय."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, आहे थोडा अभ्यास."

हे म्हणताना तो हसला. माझ्याकडे बघून, अगदी सहज, त्यात आपण काही केलंय असं त्याच्या गावीही नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. बाळंतपणासाठी खोटं बोलला, ते मी पोटात घातलं होतं. गरज होती, म्हटलं. पण याला कसली गरज? माझं नाव टाकलेल्या खुर्चीवर त्याने दुसऱ्याला बसवलं, आणि माझी अक्कल त्या माणसापुढे स्वतःची म्हणून खपवली. आणि तरी, काय सांगू, माझ्या तोंडून निघालंच. विचारायचं नव्हतं मला, पण विचारलं.

"आवाज?"

"अगं, अजून कान वाजतायत," तो म्हणाला, आणि पट्टा तोडून खिशात टाकला.

मी बाळ त्याच्या हातात दिलं नाही. "हात धुऊन ये," म्हटलं. तेवढ्यात आतून भावजयीचा झोपेतला आवाज आला.

"वन्सं, आले का हो हे साइटवरून?"

भाऊ तिथेच थांबला. माझ्या तोंडाकडे बघत. दहावीत नापास झाल्यावर वडिलांसमोर उभा राहून बघत होता तसा.

"हो, आला," मी म्हटलं. "साइटवरूनच आला." ओली बाळंतीण होती ती. दुसरं काय सांगणार?